शाळेत वायफाय आलं, पण चालत नाही: वाड्यावरच्या लोकांनी या चुका टाळा

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) प्राथमिक शाळेत इंटरनेट आलं त्या दिवशी नारळ फुटला, मुलांना पेढे मिळाले, आणि वायफाय देणारा राउटर लोखंडी कपाटात जाऊन बसला. कुलूपबंद. चोरी होईल म्हणून. पुढचे दोन महिने वर्गात कोणाच्या फोनला धड रेंज येईना. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘लाईन ओके आहे’ सांगून गेला, आणि लाईन खरंच ओके होती. पत्र्याच्या कपाटात कोंडलेलं वायफाय बाहेर येणार कुठून? शेवटी पालकांपैकी एका सुताराने भिंतीवर सात फुटांवर फळी ठोकली, राउटर तिच्यावर चढवला आणि तक्रार संपली.

तेव्हापासून आसपासच्या गावांतून फोन येतात, “वायफाय आसा, पूण चलना.” जाऊन बघावं तर दर वेळी थोड्याफार फरकाने त्याच चुका. लाईन मिळवणं हल्ली फार कठीण राहिलेलं नाही. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची फायबर (काचेची तार) पंचायतीपर्यंत पोचलेली असते, खासगी केबलवालेही आहेत. घोडं अडतं ते उद्घाटनानंतर. बिल कोणाचं, चावी कोणाकडे, बिघडलं तर फोन कोणी करायचा, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

दुसऱ्या वर्षाचं बिल

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून आधी तीच सांगतो. चतुर्थीला गावी आलेला कोणी मुंबईकर नातेवाईक उत्साहाने एक वर्षाचे पैसे भरतो. पुढच्या चतुर्थीला त्याची सुट्टी हुकते आणि लाईन बंद पडते. हिशोब करून पाहा: महिना 600 रुपयांची लाईन धरली तर 18 टक्के जीएसटी धरून 708 होतात, वर्षाला 8,496. वाड्यावर चाळीस घरं असतील तर घरटी वर्षाला सव्वादोनशेच्या आत. ही रक्कम मोठी नाही, पण ती दर वर्षी लागते.

सरकारी शाळेसाठी वाट कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो. त्यात पंखे, शौचालय, कुंपण येतं, इंटरनेटचं बिल मात्र सहसा विसरलं जातं. ते आराखड्यात लिहून घ्या. मग ग्रामसभेत विषय मांडा, तोंडी नव्हे, लेखी अर्ज देऊन, आणि ठराव इतिवृत्तात आला की नाही ते पाहा. पंच बदलतात, कागद राहतो.

सकाळी अकराची सभा

याच समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर ते असतं. पण सभा ठेवतात आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराला, जेव्हा आया कुंडईच्या कारखान्यात, हॉटेलात नाहीतर काजूच्या बागेत असतात. सही नंतर घरी पाठवून घेतली जाते. मग वायफाय कोणत्या वेळेत सुरू ठेवायचं, संध्याकाळी मुलांसोबत कोण बसणार, हे ठरवतो कोण? ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीतच, ते. सभा रविवारी संध्याकाळी, आरतीच्या आधी ठेवून पाहा. आमच्याकडे सहा बायका येत होत्या, तिथे एकोणीस आल्या.

आणि सगळा भार शिक्षिकेवर टाकू नका. कित्येक मराठी प्राथमिक शाळांत पट एवढा घसरलाय की एकच शिक्षिका चार वर्ग सांभाळते. माध्यान्ह आहार, नोंदी, सरकारी ॲपमधली माहिती, वरून राउटर? वाड्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांना हे काम द्या. दोघांना, कारण एकाची परीक्षा असते तेव्हाच लाईन जाते.

लाल दिवा आणि टाचणी

“चालत नाही” ही तक्रार नव्हे. काय चालत नाही ते आधी बघा. फायबर जिथे संपते त्या डब्यावर दिवे असतात. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला किंवा लाल लुकलुकत असेल तर बाहेर वायर तुटली आहे किंवा फार वाकली आहे. पावसात माडाची झावळी पडून हे हमखास होतं, कधी माकडं उड्या मारताना तार ओढतात. यावर घरात बसून काही करता येत नाही, कंपनीला फोन करायचा. लाल दिवा नाही, ‘पॉन’ (फायबरमधून सिग्नल येतोय हे दाखवणारा दिवा) हिरवा स्थिर आहे, तरी इंटरनेट नाही? बिल थकलंय का ते पाहा, नाहीतर लॉगिनमध्ये गडबड. आणि नेट आहे पण वर्गात संथ वाटतंय, तर एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर वेग नीट आला तर दोष वायफायचा, लाईनचा नाही. कंपनीशी भांडणं निम्म्याने कमी होतील.

इथे एक धोका आहे. राउटरच्या पाठीवर बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबलं की ‘रिसेट’ होतं, असं यूट्यूब पाहून प्रत्येक हुशार मुलाला ठाऊक आहे. मूळ पासवर्ड परत येतो, आणि कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही उडून जाऊ शकतं. तसं झालं की चार दिवस काही चालत नाही. त्याआधी नुसती वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. कनेक्शनचा नंबर, युजरनेम, कंपनीचा फोन एका वहीत लिहून ठेवा. वही शाळेत, कोणाच्या मोबाईलमध्ये नको.

चिऱ्याच्या भिंती

जुन्या शाळांच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती हातभर जाड असतात. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशा दोन भिंती ओलांडताना दमतं. अडीचच्या आसपासचं (2.4 गिगाहर्ट्झ) दूर जातं, वेग कमी. म्हापशाच्या बाजारातून वायफाय पुढे ढकलणारा स्वस्त ‘एक्सटेंडर’ आणून लावणं हा लोकांचा आवडता उपाय, पण साधा एक्सटेंडर एकाच लहरीवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. केबल शंभर मीटरपर्यंत चालते.

मात्र उघड्यावरून, एका इमारतीतून दुसरीत तांब्याची केबल नेऊ नका. जूनमध्ये वीज कडाडली की ती केबल दोन्ही टोकांचे डबे एकदम जाळते. तिथे फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही. अॅडॅप्टर मात्र गडगडाट सुरू होताच सॉकेटमधून काढायचा, हे काम फायबरवाल्यांनाही चुकलेलं नाही.

कंपाउंडला टेकलेल्या स्कूटर

रात्री नऊला एका शाळेजवळून जाताना कंपाउंडला आठ स्कूटर टेकलेल्या दिसल्या, आठ चेहरे फोनच्या उजेडात. शाळेच्या फळ्यावर खडूने पासवर्ड लिहिलेला होता, तो सगळ्या गावाला पाठ. मला त्या पोरांचा राग आला नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांग्याकडली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती. शेजाऱ्यांना इंटरनेट हवंच आहे. पण शाळेच्या नावावरच्या उघड्या लाईनवर कोणी काही भलतं केलं, तर पहिली चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच येते.

तेव्हा दोन वाटा वेगळ्या ठेवा. मुलांसाठी शाळेची लाईन: पासवर्ड दर सत्राला बदललेला, रात्री आपोआप बंद होणारी, आणि राउटरमध्ये प्रौढ मजकूर अडवणारं डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) घातलेलं (क्लाउडफ्लेअरचं 1.1.1.3 फुकट आहे). हे डीएनएस म्हणजे चाळणी, राखणदार नव्हे, शेजारी मोठं माणूस बसलेलं हवंच.

लोकांसाठी पीएम-वाणी बघा. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत चहाचं दुकान, पंचायत किंवा देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याची जागा) ‘पीडीओ’, म्हणजे वायफाय देणारी जागा होऊ शकते. त्यासाठी परवाना नको, फी नको. वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून पटते, त्यामुळे कोण बसलंय याचा हिशोब दुकानदाराला ठेवावा लागत नाही. जोडून देणारी कंपनी मात्र नोंदणीकृत हवी, ती दूरसंचार विभागाच्या यादीत आहे का ते आधी तपासा. खर्च पंचायतीने उचलला तर लोकांना ते फुकटही देता येतं.

वेगाबद्दल थोडं

100 एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून साडेबारा मेगाबाइट, शंभर नव्हे. तीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला की ती गुदमरणारच. शिक्षिकेने आदल्या दिवशी व्हिडिओ उतरवून ठेवावा, किविक्स या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ॲपवर मराठी विकिपीडिया एका लॅपटॉपवर घेऊन ठेवावा. लाईन गेली तरी तास चालतो.

दान म्हणून आलेले जुने संगणक घेताना दहा मिनिटं थांबा. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, आणि अकरावं विंडोज त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर चढत नाही. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढते. चालू होत नसलेली यंत्रं मात्र हसून परत करा, शाळेची खोली म्हणजे भंगाराचं गोदाम नाही.

आमच्या शाळेतलं ते लोखंडी कपाट अजून आहे. त्यात आता वही असते. शेवटची नोंद दोन पोरांपैकी धाकट्याच्या अक्षरात: ‘सकाळी 8, लाल दिवा. झावळी. कंपनीला फोन केला. दुपारी 3 ला जोडली. बिल पुढच्या महिन्यात, आठवण करणे.’