हेब्डन ब्रिजला जाताय? गाडी घरीच ठेवा

मुलांकडे लीड्स किंवा मँचेस्टरला मुक्काम असेल, तर या दोन शहरांच्या मधल्या हेब्डन ब्रिजला रेल्वेनेच जा. एकेकाळी इथल्या गिरण्यांतून फस्टियन नावाचं जाड सुती कापड आणि त्याच्या विजारी निघायच्या. गाव दरीत कोंबलेलं, रस्ते अरुंद. शनिवार-रविवारी पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

बहुतेकजण उत्साहात आधी चढ चढतात आणि गुडघे धरून बसतात. उलटं करा. छोट्या बसने वर टेकडीवरच्या हेप्टनस्टॉल गावाला जा. तिथे एकाच आवारात दोन चर्च आहेत : 1847 च्या वादळात मोडलेलं जुनं आणि नंतर बांधलेलं नवं. मग बट्रेस नावाच्या दगडी वाटेने खाली या. पाऊस पडून गेला असेल तर मात्र डांबरी रस्त्यानेच उतरा. ते दगड शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. वाट संपते ती साधारण 1510 च्या दगडी पुलाशी.

उतरताना घरं नीट बघा. उतारावर जागा नाही म्हणून एकावर एक दोन घरं रचलेली : खालच्याचं दार दरीच्या बाजूला, वरच्याचं मागच्या वरच्या गल्लीत.

दुपारी हार्डकॅसल क्रॅग्ज या झाडीच्या दरीत जा. ओढ्याकाठच्या झाडीतून तासाभरात गिब्सन मिल लागते. साधारण 1800 सालची, एकेकाळी पाणचक्कीवर चालणारी सूतगिरणी. तिथे कॅफे आहे, पण वेळा आधी बघून घ्या. नाहीतर दशम्या-चटणी आपली सोबत असलेली बरी. आणि उन्हाळा असला तरी रेनकोट हवाच.