ट्रायल मुदतीआधीच संपली? रीइन्स्टॉल करायच्या आधी घड्याळ बघा

३० दिवसांची ट्रायल टाकली आणि दोन-तीन दिवसांतच "ट्रायल संपली, आता विकत घ्या" असा डबा समोर आला की आपण सगळे एकच करतो, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, परत इन्स्टॉल, आणि परत तोच डबा. याचा उपयोग जवळपास कधीच होत नाही, कारण ट्रायलची नोंद सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतेच, ती रजिस्ट्रीत (विंडोज स्वतःच्या आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) किंवा प्रोग्रामडेटासारख्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते आणि अनइन्स्टॉलर तिला मुद्दाम हात लावत नाही.

आधी एक समजून घ्या, ही सॉफ्टवेअरं रोज एकेक दिवस मोजत बसत नाहीत. साधारण दोन तारखा लिहून ठेवतात, पहिल्यांदा कधी चालवलं आणि शेवटचं कधी चालवलं, आणि दरवेळी कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतात. घड्याळ एकदम पुढे गेलं तर दिवस संपले, आणि शेवटच्या तारखेच्या मागे गेलं तर हा माणूस चलाखी करतोय असं समजून कुलूप.

माझंच सांगतो. बरेच दिवस बंद असलेला डेस्कटॉप काढला, पेनड्राइव्हवर एका व्हिडिओ एडिटरचा सेटअप होता तो टाकला, नेट लावलेलं नव्हतं, सॉफ्टवेअर छान चालू झालं, ३० दिवस बाकी. मग नेट लावलं तर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची (साइटचं ओळखपत्र, त्यालाही तारखेची मुदत असते) बोंब मारायला लागला, म्हणून उजव्या कोपऱ्यात बघितलं तर १ जानेवारी २०१५! तारीख हाताने नीट केली, एडिटर परत उघडला आणि ट्रायल संपलेली. त्याच्या हिशोबाने मी ते कित्येक वर्षं वापरत होतो ना. दोष मदरबोर्डवरच्या सेलचा, तो चपटा सीआर २०३२ असतो बघा, नवा असताना ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, माझा मीटरवर २.४ दाखवत होता. सेल मेला की मशीनचा प्लग काढल्यावर घड्याळ बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) जुन्या तारखेवर जाऊन बसतं. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात, फक्त प्लग काढून बदला आणि नंतर बायोसमध्ये जाऊन तारीख परत टाका.

आता तुमच्याकडे असंच झालंय का हे कसं कळणार, कारण आत्ता बघाल तर घड्याळ बरोबरच दिसेल. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, आणि उजवीकडून फिल्टर लावून इव्हेंट आयडी १ टाका. सोर्स कर्नल-जनरल असलेल्या नोंदी बघा (१ नंबर पॉवर-ट्रबलशूटरचाही असतो, मशीन झोपेतून उठल्याची नोंद असते ती, ती सोडून द्या). त्यात वेळ कुठून कुठे गेली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. काही सेकंदांचा फरक असेल तर दुर्लक्ष करा, तो नेहमीचा सिंक, म्हणजे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घेणं आहे, पण दिवसांची किंवा वर्षांची उडी दिसली की चोर सापडला. आतली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर उगाच तासांच्या फरकावरून गोंधळ होईल.

घड्याळ नीट करायला सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, तिथे सिंक नाऊ. घड्याळ फारच लांब गेलं असेल तर सिंक कधीकधी नकार देतो, मग आधी हाताने बरोबर तारीख टाका आणि मग सिंक करा. टाइम झोन पण बघून घ्या.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील तर हा त्रास वारंवार होतो, कारण लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी धरतं आणि विंडोज लोकल वेळ, त्यामुळे इकडून तिकडे गेलात की घड्याळ काही तास सरकतं आणि कडक सॉफ्टवेअरला तेवढं पुरतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याप्रमाणे सेट करा, विषय संपला. व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीवर, परत गेलात तरी हीच गंमत होते.

घड्याळाचा काहीच दोष नसेल तर मग बाकीच्या शक्यता. याच मशीनवर पूर्वी कधीतरी हेच सॉफ्टवेअर टाकलं होतं का? तुम्ही नसेल टाकलं, पण सेकंडहँड मशीन असेल तर आधीच्या मालकाने टाकलं असेल. मदरबोर्ड बदलला का, म्हणजे सॉफ्टवेअरला मशीनच वेगळं वाटेल असं काही? बीटा, म्हणजे अजून पक्कं न झालेलं चाचणीचं व्हर्जन आहे का? बीटा बऱ्याचदा ठरलेल्या तारखेलाच बंद होतं, तुम्ही काल टाकलं की वर्षापूर्वी याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आणि काही सॉफ्टवेअर दिवस नाही, कितीवेळा उघडलं ते मोजतात, ते इन्स्टॉल करताना लिहिलेलं असतं पण आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो.

ट्रायल लॉगिन करून वापरायची असेल तर तुमच्या घड्याळाचा संबंधच नाही, मोजणी कंपनीच्या सर्व्हरवर होते आणि ती सहसा अकाउंटवर ट्रायल सुरू केली त्या दिवसापासून, डाउनलोड केलं त्या दिवसापासून नाही. अकाउंटच्या पानावर शेवटची तारीख असते, तीच खरी. मुदतही नीट वाचा, अडोबीची ट्रायल पूर्वी ३० दिवसांची असायची, आता बहुतेक ॲप्सची ७ दिवसांचीच असते, आणि जुन्या आठवणीवर राहणारे आठव्या दिवशी बग आला म्हणून ओरडतात.

विंडोज सर्व्हरचं (सर्व्हरसाठीचं विंडोज) १८० दिवसांचं इव्हॅल्युएशन, म्हणजे त्याची ट्रायल, वेगळं प्रकरण आहे. ते पहिल्या १० दिवसांत नेटवरून ॲक्टिव्हेट करावं लागतं, नाहीतर मशीन आपोआप बंद पडायला लागतं आणि आपल्याला वाटतं मुदत संपली. कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर दिलं की खरी तारीख कळते.

एक करू नका, ट्रायल परत मिळवायला घड्याळ मागे नेऊ नका आणि क्रॅक किंवा ट्रायल रीसेट नावाची टूल्स तर अजिबात नको. पहिल्याने कुलूप आणखी घट्ट होतं, दुसऱ्याने व्हायरस घरात येतो.

सरळ सपोर्टला मेल करा. त्यात व्हर्जन नंबर, इन्स्टॉल केल्याची तारीख, एररचा स्क्रीनशॉट आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या त्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडा, नुसतं "चालत नाही" लिहिलंत तर उलट चार प्रश्न येतील. मी त्या २०१५ वाल्या नोंदीचा फोटो जोडला होता, दुसऱ्या दिवशी नवीन ३० दिवसांची लायसन्स की आली. ती टाकायच्या आधी मात्र सेल बदलून घेतला.