गाडी टक टक करतेय? शॉकअप बदलायच्या आधी या चुका टाळा

गणपती उरकून रत्नागिरीहून पावसला चाललो होतो तर पुढच्या डाव्या चाकाकडून टक टक टक, ते पण गाडी हळू असताना, बारीक खड्ड्यांवरच. कोणीतरी म्हणालं शॉकअप गेले, मी पण दोन्ही बदलून मोकळा झालो आणि घराच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी येतोय तोवर परत टक टक! शेवटी वाडीतल्या मिस्त्रीने खाली झोपून लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, हाताने खडखडवून दाखवला, म्हणाला, "हा बघा तुमचा आवाज, शॉकअप कशाला बदललंत?" लिंक रॉड म्हणजे शॉकअपच्या मानाने चणेफुटाणे.

तर पहिली चूक हीच, आवाज कधी येतो ते न बघता पार्ट बदलायचे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग खटकन उडी मारल्यासारखी वाटली तर शॉकअपचं वरचं माउंट नाहीतर त्याचं बेअरिंग बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी चालवताना कट कट आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा जॉइंट, सस्पेन्शनचा काही संबंध नाही. स्पीडबरोबर वाढत जाणारी घूं घूं बहुतेक चाकाचं बेअरिंग नाहीतर टायर. आणि ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिमच्या आत वाकून बघा, आपल्याकडचा लाल चिखल तिथे सुकून ढेकूळ होऊन बसतो आणि बॅलन्सिंग बिघडतं, माझी थरथर नुसत्या पाण्याच्या पाइपाने गेलेली.

दुसरी चूक, गाडी एका बाजूला ओढते म्हणून थेट अलाइनमेंटला. आधी हवा चेक करा, मग चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, खडखडलं तर स्टिअरिंगच्या दांडीचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड नाहीतर आतला रॅक एंड. बारा आणि सहावर हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले, म्हणजे ढिलेपणा, गायब झाला तर बेअरिंग. जॅकखाली जाड फळी घाला, चिरा (जांभा दगड) नको, फुटतो, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. प्ले असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, पैसे पाण्यात. टाय रॉड एंड बदलला की मात्र अलाइनमेंट करायचंच.

बीचवर गाडी घालणाऱ्यांना काय बोलणार! खारं पाणी आणि रेती फाटक्या रबरी बूटमधून (जॉइंटवरच्या कव्हरमधून) बॉल जॉइंटमध्ये गेली की ग्रीस धुऊन जातं आणि जॉइंट ढिला पडतो. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, त्यामुळे तिथे प्ले असेल तर गाडी घाटात नेऊच नका. बीचवर गेलातच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

आणि एक, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहा. चाक लटकत असतानाच बोल्ट फुल टाइट केला तर गाडी खाली घेतल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा टाइट मारायला सांगा, कितीही कुरकुरला तरी.