तीन मिनिटांत संशोधन सांगताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही आपलं प्रबंधाचं संशोधन तीन मिनिटांत सांगायची स्पर्धा सुरू झाली. त्या वेळी राज्यात कडक दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून आंघोळ उरकत. तिथल्या पदव्युत्तर विभागाचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन लॉसन यांना त्यावरून ही कल्पना सुचली. आज ८० हून अधिक देशांतल्या विद्यापीठांत ही स्पर्धा होते, भारतातल्या संस्थाही ती घेतात. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या विज्ञान महोत्सवातून २००५ साली निघालेली ‘फेमलॅब’ आणि बर्लिनची ‘फॉलिंग वॉल्स लॅब’ या स्पर्धांतही बोलायला तीनच मिनिटं मिळतात.

उत्तम संशोधन करणारी मुलंमुली या तीन मिनिटांत अडखळतात, याचं वाईट वाटतं. कारण बहुतेक चुका टाळता येण्यासारख्या असतात.

प्रबंधाचा सारांश करायला जाणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या अनेक चुका हिच्यातूनच निघतात. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असं ही स्पर्धा घेणारेच सांगतात. तीन मिनिटांत जेमतेम चारशे शब्द बसतात. नऊ तासांचा मजकूर कितीही पिळला तरी त्यात मावणार नाही. मग विद्यार्थी पार्श्वभूमी, आधीचं संशोधन, पद्धत, निष्कर्ष आणि पुढची दिशा अशी प्रत्येक प्रकरणातली दोन-दोन वाक्यं उचलतो. श्रोत्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही.

सारांश करू नका, एक प्रश्न निवडा. समजा, तुमचं काम भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनवर आहे. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसच्या स्ट्रेन्सचं मॉलिक्युलर कॅरॅक्टरायझेशन’ अशी सुरुवात केलीत की सभागृह पहिल्याच वाक्याला हातातून गेलं. त्याऐवजी असं सांगता येईल: “ओलसर राहिलेल्या शेंगांवर एक बुरशी येते. ती तयार करते ते विष यकृताला घातक असतं, आणि दाणे भाजले तरी ते पूर्ण जात नाही. मग पोतं बाजारात जाण्याआधीच ते ओळखता येईल का?” यात शास्त्र कुठेही पातळ झालेलं नाही. उलट, तुम्ही चार वर्षं प्रयोगशाळेत का बसलात हे आता ऐकणाऱ्याला कळलं. यापुढचं प्रत्येक वाक्य या प्रश्नाच्या उत्तराकडे जात असेल तरच ठेवा. प्रबंधातलं तुमचं सर्वांत आवडतं प्रकरण गाळावं लागलं तरी गाळा. ते जड जातं, पण तयारीतला खरा कस तिथेच लागतो.

संज्ञांचाही निकाल इथेच लागतो. प्रश्न समजायला जी हवीच ती एखादी संज्ञा ठेवा आणि लगेच साध्या वाक्यात उलगडा. ती मराठीत आहे म्हणून सोपी आहे, असं धरून चालू नका.

वक्तृत्व स्पर्धेची सवय

आपल्याकडे शाळेपासून वक्तृत्वाची तालीम होते. तिचा फायदा आहेच: आवाज तयार असतो, भीड चेपलेली असते. पण “सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक आणि माझ्या बंधूभगिनींनो” यात पंधरा सेकंद जातात. थ्री मिनिट थीसिसमध्ये तुम्ही बोलायला किंवा हालचाल करायला लागलात की वेळ सुरू झाला. तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. सादरीकरण साध्या बोलण्यातच हवं. कविता, गाणं, रॅप चालत नाही. म्हणून सुभाषित किंवा काव्यपंक्ती घरीच ठेवा. आवाजाचे ठरावीक चढउतारही नकोत. समोरच्या माणसाला काही समजावून सांगताना आपण जसे बोलतो, तसं बोला.

नियम नीट न वाचणं

थ्री मिनिट थीसिसमध्ये एकच स्थिर स्लाइड चालते. अ‍ॅनिमेशन, आवाज, व्हिडिओ, हातातली वस्तू, वेशभूषा यांतलं काहीही नाही. फेमलॅबमध्ये याच्या उलट: स्लाइड नाही, पण स्वतः उचलून नेता येईल अशी वस्तू चालते. एका स्पर्धेची तयारी तशीच दुसरीकडे नेणारे इथे फसतात. स्लाइडवर आलेख आणि तक्ते कोंबू नका. लोक ते वाचत बसतात आणि तुमचं बोलणं निसटतं. एक मोठं, स्पष्ट चित्र पुरे.

फुगवून सांगणं

“माझ्या संशोधनामुळे कर्करोग बरा होईल” हे वाक्य टाळ्या मिळवतं आणि विश्वास घालवतं. मला ही चूक फार गंभीर वाटते, कारण तिचा फटका एका स्पर्धकापुरता राहत नाही. अशी आश्वासनं ऐकून निराश झालेला माणूस पुढच्या शास्त्रज्ञाचंही ऐकत नाही. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदरांवर म्हणा. “अजून शेतात चाचणी व्हायची आहे” हे सांगण्यात कमीपणा नाही.

वेळ चुकतोय? मधेच विसरायला होतंय?

मनात वाचून वेळ मोजू नका, उभं राहून मोठ्याने बोलून मोजा. दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत संपेल असं बेता. सभागृह हसलं किंवा तुम्ही क्षणभर थांबलात, तर तेवढा वेळ हाताशी हवा. भाषण लांबत असेल तर वेग वाढवू नका, एक वाक्य काढून टाका.

भाषण शब्दशः पाठ केलं की एक शब्द निसटताच पुढची सगळी साखळी तुटते. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा; मधे मुद्द्यांचा क्रम लक्षात ठेवा. अडखळलात तर माफी मागू नका. श्वास घ्या आणि पुढच्या मुद्द्यावर जा. काय राहिलं हे तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.

सराव मार्गदर्शकांसमोर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांना विषय माहीत असल्यामुळे तुमच्या बोलण्यातल्या फटी ते नकळत भरून घेतात. घरातल्या, विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, “मी काय करते, सांग बरं?” त्यांना जे आठवत नाही, तिथे भाषण पुन्हा लिहा.

फेमलॅबमध्ये भाषणानंतर परीक्षक प्रश्नही विचारतात. “याचा उपयोग काय?” आणि “हे कशावरून खरं?” या दोन प्रश्नांची प्रत्येकी दोन वाक्यांत बसणारी उत्तरं आधीच तयार ठेवा.