जुन्या वाड्यातल्या म्युझियमचं कौलारू छप्पर दुरुस्त करायचंय? आधी पन्हळ बघा

पुण्यात पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, हे पेठेतल्या कुठल्याही जुन्या वाड्यात राहणारा माणूस सांगेल. ४ ऑक्टोबर २०१० ला एका दिवसात १८० मिमीच्या वर पडला, २५ सप्टेंबर २०१९ ला शहरातल्या आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि २०२५ ला तर मान्सून २६ मेलाच हजर. वाड्यातल्या म्युझियमचं छप्पर दुरुस्त करताना हे डोक्यात ठेवूनच करा, नाहीतर खालची जुनी वस्त्रं, कागद, लाकडी वस्तू सगळंच धोक्यात.

गळायला लागलं की लोक लगेच म्हणतात कौलं काढा, पत्रा टाका. प्लीज नको. बहुतेक वेळा कौल दोषी नसतंच, पाण्याला जायला जागा नसते. साधा हिशोब करा, १ चौ. मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौ. मीटरच्या छपरावर तासाला १०० मिमी पडला तर १०,००० लिटर पाणी, आणि ते जाणार कुठून, तर लिंबाच्या पाल्याने तुंबलेल्या एका अरुंद पन्हळीतून! म्हणून पन्हळ रुंद करा, उतार नीट द्या, खाली सोडणारे पाइप वाढवा, आणि पन्हळ भरलीच तर पाणी भिंतीत न मुरता बाहेर पडेल अशी एक वाट ठेवा. छपराचे दोन उतार जिथे खाली मिळून खाच होते तिथला पत्रा सगळ्यात आधी सडतो, तो हात लावून बघा.

गळती शोधायची तर पावसातच माळ्यावर टॉर्च घेऊन जा. थेंब पडतो तिथे भोक नसतं, पाणी वाशावरून घरंगळत खाली येऊन मग टपकतं, म्हणून ओल्या रेषेच्या मागे वर वर जायचं आणि खडूने खूण करायची. वाशाची भिंतीत गेलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, भुसभुशीत लागली तर वाळवी किंवा कूज आहे. तेवढाच भाग कापून सुताराकडून त्याच जातीचं लाकूड जोडून घ्या, अख्खा वासा बदलायची गरज नसते.

काम दिवाळीनंतर सुरू करा, एप्रिलच्या आत संपवा. वळीव येतोच, त्यामुळे उघड्या भागावर तात्पुरती पत्र्याची शेड हवीच, आणि वस्तू आधी हलवायच्या, नुसतं प्लास्टिक टाकून भागत नाही. महापालिकेच्या हेरिटेज विभागाची परवानगी लागते का ते आधीच विचारा, राज्य संरक्षित स्मारक असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाची.

कौल उतरवलं की बोटाने वाजवून बघा, टणटणीत वाजलं तर परत वापरा, बद्द आवाज आला तर बाजूला. आढ्याचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, सिमेंटने बसवू नका. सिमेंट तडकतं आणि ओल आत अडकवतं, चुन्यात विटेचा चुरा घालून बसवा, गवंडी जुना बघून घ्या, हे काम सगळ्यांना येत नाही. वाऱ्यासाठी वळचणीची आणि कडेची कौलं तांब्याच्या तारेने बांधा.

उन्हाळ्याचं पण बघायला हवं. कौलांखाली वाफ बाहेर सोडणारा पडदा आणि त्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) मारून हवेची फट ठेवली, आढ्याशी गरम हवा निघायला वाट दिली, तर माळा बराच थंड राहतो.

पुढे दर मे महिन्याच्या सुरुवातीला शाकारणी करा, म्हणजे कौलं नीट लावून फुटकी बदला, आणि जुन्या मापाची शे-दोनशे कौलं जपून ठेवा, नंतर ते माप सहज मिळत नाही.