धरणाच्या काठावरून लांब फेक: सर्फ रॉड आपल्या अंगाला कशी बसवायची

सर्फ रॉड मुळात समुद्राच्या लाटांपलीकडे गळ टाकायला बनवलेली काठी. मराठवाड्यात समुद्र नाही, पण माजलगाव, येलदरी, मांजरा अशा धरणांचे काठ पसरट आहेत. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की खोल पाणी आणखी आत जातं आणि सात-आठ फुटी काठीचा गळ तिथवर पोचत नाही. १२ फुटी सर्फ रॉड पोचते. मात्र ती दुकानातून जशी येते तशीच फेकायला घेतली, तर दोन तासांत खांदा भरून येतो आणि तंगूस तुटून १०० ग्रॅमचं शिसं कुठंही जाऊ शकतं. फेक लांब जाण्याआधी काठी अंगाला बसली पाहिजे.

फेकताना उजवा हात रीलजवळ आणि डावा बुडाशी असतो; सुरुवात या दोन हातांमधल्या अंतरापासून करा. काठीचं बूड काखेत धरा आणि उजवा हात काठीवरून सरळ पुढं पसरा. बोटं जिथं सहज पोचतात, तिथं रीलची दांडी यायला हवी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे अंतर साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर पडतं. बऱ्याच सर्फ रॉडवर रीलची बैठक बुडापासून ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून वर असते, कारण त्या उंच माणसांसाठी आखलेल्या असतात. अंतर जास्त झालं की उजवा हात पूर्ण ताणला जातो, ढकलायला जोर उरत नाही आणि सगळा भार खांद्यावर येतो. अंतर फार कमी झालं तर काठी वाकतच नाही.

बैठक सरकणारी असेल तर काम सोपं आहे. पक्की असेल तर आधी डावा हात बुडापासून थोडा वर धरून फेकून बघा आणि जिथं हात बसतो तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. उरलेलं बूड कोपराला किंवा बरगडीला लागत असेल, तरच कापण्याचा विचार करा. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, म्हणजे धागे उसवत नाहीत. बारीक दातांची हॅक्सॉ वापरा, तोंडाला मास्क लावा, कारण कार्बन आणि काचतंतूची धूळ फुफ्फुसाला वाईट. एका वेळी ५ सेंटिमीटरच कापा आणि टोकाला रबरी टोपी घट्ट बसवा.

आता वजन. काठीच्या बुडाजवळ १००-२०० ग्रॅम असा आकडा छापलेला असतो. त्यात शिसं आणि आमिष दोन्ही धरायचं. आमच्या मते स्वस्त काठीवरच्या वरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. त्याच्या दोनतृतीयांशावर थांबावं. धरणाच्या संथ पाण्यात ८५ ते ११० ग्रॅम शिसं भरपूर होतं. फार हलकं शिसंही चुकीचं, कारण काठी वाकवायला ते पुरत नाही आणि माणूस नुसता हातानं झटका देत राहतो.

रील ६००० आकाराचं पुरेसं आहे. त्यावर ०.३५ मिमी तंगूस भरा आणि स्पूलच्या (रीलच्या तंगूस गुंडाळायच्या चकरीच्या) काठापासून २-३ मिमी खाली थांबा. काठोकाठ भरलं तर एकदम चार-पाच वेढे सुटून गाइडमध्ये (काठीवरच्या तंगूस ओवायच्या कड्यांमध्ये) गुंता होतो. कमी भरलं तर तंगूस काठावर घासत बाहेर पडतं आणि फेक आखूड पडते.

शॉक लीडरवर, म्हणजे तंगुसाच्या शिशाकडच्या टोकाला जोडायच्या जाड तंगुसाच्या तुकड्यावर, कंजूषी करू नका. फेकताना तंगुसावर येणारा ताण शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि ०.३५ मिमीचं तंगूस तो सोसत नाही. समुद्रकाठी गळ टाकणारे एक सरळ हिशोब पाळतात: दर २८ ग्रॅम शिशामागं साडेचार किलो ताकदीचा लीडर. म्हणजे ८५ ग्रॅमला साडेतेरा किलो आणि ११२ ग्रॅमला १८ किलो. साध्या तंगुसात ही जाडी ०.६० मिमीच्या आसपास येते. लांबी काठीच्या दुप्पट, म्हणजे १२ फुटी काठीला सात ते आठ मीटर. फेकायच्या तयारीत शिसं लोंबत असताना लीडरचे सहा-आठ वेढे स्पूलवर राहायलाच हवेत. गाठ स्पूलबाहेर असेल तर पूर्ण झटका बारीक तंगुसावर येतो.

तंगूस आणि लीडर जोडायला डबल युनी नावाची गाठ मारा: बारीक तंगुसाचे पाच वेढे, जाड लीडरचे तीन. आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कारण कोरडी गाठ घर्षणानं तापते आणि तिथंच कमजोर होते. उरलेली टोकं अगदी जवळून कापा, नाहीतर ती गाइडला अडकतात. तंगुसाऐवजी ब्रेड (विणलेली दोरी) वापरायची असेल तर स्पूलवर आधी थोडं साधं तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी ब्रेड स्पूलभोवती घसरत राहते. ब्रेडसाठी बोटाला चामडी टोपी किंवा हातमोजा लागतोच.

काठी जोडताना शेंड्याकडचा तुकडा आधी जोडा. गाइड पाव वळण तिरपे ठेवून आत सारा, मग फिरवून एका रेषेत आणा. दर दहा-बारा फेकींनी सांधा हातानं तपासा. सैल झालेला सांधा फेकीतच फुटतो. गाइडच्या आतली कडी फुटली आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं आतून पुसा, धागा अडकला तर तिथं चीर आहे. तसं गाइड बदलल्याशिवाय ती काठी वापरू नका.

आता जागा बघा. इथं आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे विजेच्या तारा. धरणाच्या काठानं शेतीपंपांच्या लाइनी गेलेल्या असतात आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. उभी धरलेली १२ फुटी काठी जमिनीपासून सुमारे ५ मीटरवर पोचते. झोळ पडलेली तार त्याहून खाली असू शकते. तारा दिसल्या तर ३० मीटर लांब जा. ओल्या काचतंतूच्या काठीवरही विश्वास ठेवू नका. वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून पाण्यापासून दूर व्हा.

पाणी ओसरलेल्या काळ्या गाळात उभं राहू नका. वरून वाळलेला दिसतो, पण जोर दिला की पाय आत जातो आणि फेक वाकडी सुटते. मुरूम किंवा दगड बघा. मागं आणि दोन्ही बाजूंना किमान १५ मीटर मोकळं हवं. गुराखी आणि मुलं बघायला हमखास जवळ येतात, त्यांना आधीच मागं थांबवा. टोपी आणि चष्मा घालाच. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारूनच बसा. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाची परवानगी आधी.

फेकताना रीलची दांडी मधलं बोट आणि अनामिकेच्या मध्ये घ्या. शेंड्यापासून शिसं एक ते सव्वा मीटर खाली लोंबू द्या. ड्रॅग (स्पूलला अडवणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळा. फेकीत स्पूल घसरली तर तंगूस बोट कापतं. तंगूस तर्जनीच्या पेरावर धरून मग बेल (स्पूलवरची तारेची कमान) उघडा. डावा पाय पुढं, काठी मागं, शिसं हलायचं थांबेपर्यंत वाट बघा. मग उजव्या हातानं वर ढकला आणि डाव्यानं बूड छातीकडं ओढा. दोन्ही एकदम. पहिल्या दहा फेकी निम्म्या जोरानं करा.

शिसं उंच जाऊन जवळ पडलं तर बोट लवकर सुटलं. समोरच पाण्यावर आपटलं तर उशिरा. फेकीच्या मध्येच बेल आपोआप मिटत असेल तर तिची स्प्रिंग थकली आहे. तंगूस कडकन तुटतं आणि शिसं बाजूलाही जाऊ शकतं. तसं रील लांब फेकीला अजिबात वापरू नका. गळ पाण्यात पडला की ड्रॅग ढिला करा, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ओढीवर स्पूल फिरावी. मोठा कटला एका झटक्यात तंगूस तोडू शकतो.

परतताना सांधा निघत नसेल तर पिळू नका. काठी गुडघ्यांच्या मागं आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून लावा आणि गुडघे फाकवा; ओढ सरळ लागते आणि सांधा सुटतो. पुढच्या वेळी जोडण्याआधी त्यावर मेणबत्तीचं मेण हलकंसं चोळा.