असाइनमेंटवर संशय येतोय? कॉलेजात शिकवणाऱ्यांनी या चुका टाळा

२०२३च्या दिवाळीआधी, इंटर्नलचे गुण भरायच्या घाईत, मी टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, एका मुलीला असाइनमेंटमध्ये शून्य दिलं. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी आणि सरळ, चुका जवळजवळ नाहीत. मजकूर माणसानं लिहिलाय की यंत्रानं, म्हणजे एआयनं, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका फुकटच्या डिटेक्टरमध्ये तो टाकला, त्यानं पान लाल केलं आणि मी पुढचा कागद उचलला. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. "मॅडम, मी खरंच स्वतः लिहिलंय. लिहून झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं होतं." तिच्या हातात वही होती. मुद्दे गुजरातीत काढलेले, बाजूला पेन्सिलीनं इंग्रजी शब्द, आणि 'इलॅस्टिसिटी'चं स्पेलिंग तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलेलं.

घरी मराठी, बारावीपर्यंत शाळा गुजराती माध्यमाची, कॉलेजात इंग्रजी. बडोद्यात अशी मुलं वर्गावर्गात आहेत. मी गुण परत दिले, वर्गासमोर तिची माफी मागितली. पण तो एक दिवस आणि एक रात्र तिनं कशी काढली असेल, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. पुढच्या चुकांपैकी बऱ्याच मी स्वतः केलेल्या आहेत. अर्थशास्त्र शिकवते म्हणून उदाहरणं त्या विषयातली. तुमच्या विषयात ती बसवून घ्या.

डिटेक्टरचा निकाल पुरावा म्हणून धरणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून आधी ती. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी २०२३मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर ओळखला, आणि माणसानं लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये त्यांनी तो बंद केला. ज्यांनी यंत्र घडवलं त्यांना स्वतःचा माल ओळखता आला नाही, तिथे आपण फुकटच्या वेबसाइटवर भरवसा ठेवून एखाद्याचं सेमिस्टर पणाला लावतो.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी वापरले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध डिटेक्टरांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. कारण समजून घेण्यासारखं आहे. पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता, यावर असे डिटेक्टर बरंचसं अवलंबून असतात. शब्द साधे आणि ओळखीचे, वाक्यं एका घाटाची, की त्यांना ते यंत्राचं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत जपून लिहिणारं मूल नेमकं तसंच लिहितं. माझ्या त्या विद्यार्थिनीचा गुन्हा म्हणाल तर एवढाच, की ती जपून लिहीत होती.

मग संशय आला तर करायचं काय? मुलाला बोलवा, दार उघडं ठेवा, आरोप न करता विचारा: "हा दुसरा परिच्छेद मला तुझ्या शब्दांत सांग. हे उदाहरण कुठे सापडलं? काय लिहून मग काढून टाकलंस?" ज्यानं लिहिलंय तो अडखळतो, पण सांगतो. ज्यानं लिहिलेलं नाही तो बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाशी थांबतो, कारण काढून टाकलेलं त्याच्याकडे काहीच नसतं. गूगल डॉक्सवर काम असेल तर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कधी काय लिहिलं-खोडलं याची नोंद, त्यालाच उघडून दाखवायला सांगा. तीही एकटी पुरावा नाही, कारण कुणी वहीत लिहून मग टाइप करतं. इतकं करूनही खात्री पटली नाही, तर फायदा विद्यार्थ्याला द्यायचा. ही माझी ठाम भूमिका आहे. एखादा सुटला तर मला चालेल.

चॅटबॉटलाच विचारणे, "हे तू लिहिलंस का?"

मे २०२३मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकानं हेच केलं, आणि वर्गातल्या अनेकांचे गुण अडकले. चॅटबॉटकडे आपण लिहिलेल्याची अशी नोंदवही नसते. तो पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातो. तुमचं स्वतःचं जुनं पत्र टाकून विचारा, कदाचित तेही "मीच लिहिलं" म्हणेल.

दहा वर्षं तोच विषय देणे

'बेरोजगारी: कारणे व उपाय'. हा विषय मीही दिलाय. यंत्र यायच्या आधीही मुलं तो सीनियरच्या फाइलमधून उतरवतच होती. यंत्रानं फक्त उतरवण्याचा वेळ वाचवला. आता कुठलाही विषय देण्याआधी मी तो चॅटबॉटला घालते. पाच मिनिटांत बऱ्यापैकी गुण मिळण्याजोगं उत्तर आलं, तर विषय बदलते.

काय देता येतं, त्याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. फतेगंज, समा, कारेलीबाग, अकोटा, कितीतरी ठिकाणी घरं पाण्यात होती. सेमिस्टर अर्धं झालं होतं. मी विषय दिला: तुमच्या किंवा ओळखीच्या तीन घरांत पुरानं काय गेलं, दुरुस्तीला किती लागले आणि ते पैसे आले कुठून? नावं लिहायची नाहीत, घर क्रमांक एक, दोन, तीन एवढंच.

एका मुलानं आणलेलं पान अजून माझ्याकडे आहे. वरच्या कोपऱ्यात भिंतीचा फोटो, त्यावर चिखलाची रेघ आणि रेघेला लावलेली शिंप्याची टेप. खाली यादी: फ्रीजचा कॉम्प्रेसर, दोन गाद्या, शिलाई मशीनची मोटर, आजोबांची कागदपत्रं. कागदपत्रांसमोर रकमेच्या रकान्यात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. घर क्रमांक दोनमध्ये पैसे कुठून आले, तर 'बांगडी गहाण'. वाचून दाखवताना त्यानंच विचारलं, "मॅडम, फ्रीज दुरुस्त केला तो खर्च जीडीपीत धरतात ना? मग गाद्या गेल्या त्या वजा कुठे करतात?" करत नाहीत. जीडीपी वर्षभरातलं उत्पादन मोजतो. पुरात बुडालेली मालमत्ता त्यातून वजा होत नाही. हा मुद्दा मी दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि मुलं उतरवून घ्यायची. त्या दिवशी एका मुलाला तो घरातल्या गाद्यांवरून सुचला आणि सगळा वर्ग त्यावर बोलला.

या असाइनमेंटला एआय वापरायची मुभा होती. तक्ता नीट करायला, इंग्रजी सुधारायला वापरा म्हटलं. रेघ मात्र प्रत्येकाला स्वतः मोजावी लागली. कुणी खोटी घरं रचू शकतं का? शकतं. म्हणून फोटो किंवा बिल, आणि चार मिनिटांचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा.

पूरच हवा असं नाही. खंडेराव मार्केटमधला एका भाजीचा सकाळचा आणि संध्याकाळचा भाव आठवडाभर टिपा. मंगळबाजारातल्या दुकानदाराला विचारा, ऑनलाइन विक्रीमुळे त्यानं काय बदललं. इतिहासवाल्यांना तर आपल्या शहरात विषय शोधायला लागू नये.

"आता सगळं वर्गातच, पेनानं"

घाबरून असं करावंसं वाटतं, पण त्यानं पुनर्लेखन जातं, संदर्भ शोधणं जातं, आणि उरते लिहिण्याच्या वेगाची परीक्षा. काही भाग वर्गात जरूर घ्यावा. घरच्या लिखाणाची पहिली वीस मिनिटं मी वर्गातच घेते, म्हणजे प्रत्येकाचा कच्चा मुद्दा माझ्यासमोर कागदावर येतो आणि घरून आलेलं त्याच्याशी ताडून बघता येतं. घरचं काम हातानं लिहून मागण्यात अर्थ नाही. मोबाइलवरून हातानं उतरवलेली फाइल मी पाहिली आहे.

नियम न सांगणे

"एआय वापरू नका" एवढं सांगून मोकळं होणं म्हणजे नियम नाही. शब्द तपासणारं कीबोर्ड चालेल का? भाषांतर? माझ्या प्रत्येक असाइनमेंटच्या खाली आता तीन ओळी असतात. मुद्दे समजून घ्यायला विचारलं तर चालेल. परिच्छेद लिहून घेतलेला चालणार नाही. जे विचारलं आणि त्यातलं जे वापरलं, ते शेवटी जोडा. असाइनमेंटप्रमाणे या ओळी बदलतात. कबुली देणाऱ्याचे गुण कबुलीसाठी कापू नका; एकदा कापलेत की पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

आणि आपणही तोच नियम पाळायचा. प्रश्नपत्रिका काढताना मदत घेतली असेल तर मुलांना सांगा. मुलांच्या उत्तरपत्रिका नाव-रोल नंबरसकट कुठल्याही साइटवर टाकू नका. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी तो कागद त्या मुलाचा आहे.

यंत्राच्या आत्मविश्वासाला भुलणे

जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड ठोठावला, कारण वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले दिले होते. अनुभवी वकील फसले, तर पहिल्या वर्षाचं मूल फसणारच. हे भाषणानं पटत नाही, करून दाखवावं लागतं.

मी वर्गातच प्रोजेक्टरवर विचारलं: बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण कधी आणि कुठे सुरू झालं? उत्तर झोकात आलं, वर्ष १९०६, ठिकाण अमरेली. खरं असं, की सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात प्रयोग केला तो १८९३मध्ये, आणि १९०६ला तो सबंध संस्थानाला लागू झाला. दोन खऱ्या गोष्टी चुकीच्या जोडल्या होत्या, आणि असली चूक पकडायला सगळ्यात अवघड. मग मुलांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवलं, विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाच्या हातून १९१०मध्ये सुरू झालेली ती. जन्मापासून बडोद्यात राहणाऱ्या निम्म्या मुलांनी तिथली काचेची जमीन तोवर पाहिली नव्हती. परत येताना एकानं यंत्राच्या उत्तराखाली लाल पेनानं दुरुस्ती आणि पुस्तकाचं पान लिहून आणलं. तेव्हापासून 'यंत्राचं उत्तर तपासा' ही माझी कायमची असाइनमेंट आहे, आणि गुण सापडलेल्या चुकीला आणि तिच्या पुराव्याला.

"व्हायवाला वेळ कुठे आहे?"

स्टाफरूममध्ये हे रोज ऐकू येतं. "अगं, साठ मुलं आहेत, प्रत्येकाशी बोलत बसणार का?" साठ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. चार तास. तेवढा वेळ मी साठ एकसारख्या फाइली तपासण्यात घालवतच होते. आता लिखाणाला निम्मे गुण आणि बोलण्याला निम्मे. दर आठवड्याला पंधरा मुलं, बाकीचा वर्ग तेव्हा वाचनाला बसतो. महिन्यात फेरी पूर्ण होते. वर्गात एकशेवीस मुलं असतील तर हे जमणार नाही. तिथे चार-चार जणांचे गट करून प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारा.

पहिल्या फेरीत मुलं घामाघूम होतात, विशेषतः इंग्रजीची भीती असलेली. त्यांना मी आधीच सांगते, गुजरातीत बोल, मराठीत बोल, हिंदी चालेल, मला विषय ऐकायचाय. ती वहीवाली मुलगीही पुढच्या सेमिस्टरला अशीच समोर बसली. सुरुवात इंग्रजीत केली, दोन वाक्यांनंतर अडली, आणि मग कांद्याचा भाव चढल्यावर तिची आई भाजीत काय बदल करते, ते तिनं मराठीत सांगितलं. चार मिनिटांची आठ झाली.